गाडीवरची गाडी

'कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी' ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. तिचा अर्थही वहीत लिहिला असेल. पण दोस्तांनो, नावेवर चढलेली गाडी तुम्ही खरोखर पाहिली आहे का? आणि गाडीवर चढलेली गाडी? आणि आगगाडीवर चढलेली गाडी? आमच्या कोकणात या तिन्ही गमती पाहायला मिळतात. चला तर, आज मी तुम्हांला रायगड जिल्ह्यातल्या कोलाडपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या खाडीपलीकडे घेऊन जाते. आपल्याबरोबर एक जीप आहे. मात्र ती स्वतःच्या चाकांवर धावणार नाही. ती ट्रेलरवर बसून येणार आहे, आणि तेही चारी बाजूंनी बांधून घेऊन!

जीप कुणाची, निघाली कुठे?

खाडीपलीकडे धोपाव्याच्या बाजूला डोंगराच्या अंगावर एक वाडी आहे. ते माझं माहेर. वाडीपर्यंत रस्ता आहे, पण कसला? उन्हाळ्यात धुळीचा आणि पावसाळ्यात चिखलाचा. जून उजाडला की साधी रिक्षासुद्धा वर चढत नाही. कुणी आजारी पडलं तर चार माणसांनी डोली खांद्यावर घ्यायची आणि भर पावसात घसरत घसरत खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणायची. माझ्या काकूला असंच आणलं होतं. ती वाचली, पण त्या दीड तासात डोलीवाल्यांच्या आणि आम्हां सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मग वाडीतल्या मंडळींनी वर्गणी काढली. मुंबईला नोकरीला असलेल्यांनी पैसे पाठवले, आणि एक जुनी पण दणकट जीप घेतली. ही जीप साधी नाही बरं का! नेहमीच्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. हिच्यात चारही चाकांना मिळते. त्यामुळे दोन चाकं चिखलात फिरत राहिली, तरी उरलेली दोन तिला ओढून बाहेर काढतात. टायरही जाडजूड, बोटभर खोल खाचांचे.

पण जी गाडी चिखलात वाघ, ती डांबरी रस्त्यावर गोगलगाय. त्या खाचांच्या टायरचा हमरस्त्यावर घूं घूं आवाज होतो, ते भराभर झिजतात, आणि गाडी वेगही धरत नाही. शिवाय कोलाडच्या गॅरेजात तिचं इंजिन नुकतंच उघडून पुन्हा बसवलं होतं. मिस्त्री म्हणाले, "बाई, एवढ्यात हिला जवळजवळ दोनशे किलोमीटर पळवू नका. ट्रेलरवर घालून न्या." मे महिन्याची सुट्टी होती, मलाही माहेरी जायचंच होतं. पाऊस सुरू व्हायच्या आत जीप वाडीत धडधाकट पोचायला हवी होती. मी ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसून निघाले.

कोलाडची आगगाडी

कोलाड म्हणजे कुंडलिका नदीकाठचं गाव. नदीच्या उसळत्या पाण्यात रबरी होड्या सोडायला इथे दूरदूरचे लोक येतात. मुंबई-गोवा महामार्ग गावातूनच जातो. त्याचा नंबर पूर्वी १७ होता, आता ६६ आहे. कोकण रेल्वेही इथूनच जाते. रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते आणि कोलाड हे तिचं सुरुवातीचंच एक स्टेशन. तिथून पुढे बोगद्यांतून आणि पुलांवरून ती थेट कर्नाटकात मंगळूरजवळ पोचते. एकूण वाट सुमारे ७४० किलोमीटरांची.

या कोलाड स्टेशनावर एक नवलाची गोष्ट घडते. इथे मालाने भरलेले ट्रक चक्क आगगाडीवर चढतात! २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी ही सेवा सुरू झाली. तिला 'रो-रो' म्हणतात. एका टोकाने चाकांवर चढायचं आणि दुसऱ्या टोकाने चाकांवरच उतरायचं, असा त्याचा अर्थ. आगगाडीच्या मालडब्याला आपण वाघीण म्हणतो ना, तशा सपाट वाघिणी एकामागे एक जोडलेल्या असतात. पहिला ट्रक उतारावरून चढतो आणि वाघिणींवरूनच पुढे पुढे जात पार टोकाला जाऊन थांबतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. जणू आगगाडीच्या पाठीवर रस्ताच अंथरलेला!

आमचे ड्रायव्हरकाका या गाडीने गेलेले. ते सांगत होते, "एकदा ट्रक चढवला, चाकांना पाचरी मारल्या, साखळ्या ओढून घेतल्या, की आपण आपल्याच केबिनमध्ये पाय पसरायचे. घाट नाही, खड्डे नाहीत, समोरून येणारे दिवे नाहीत. बोगद्यात अंधार झाला की झोप, बाहेर आलं की दऱ्या आणि नद्या. डिझेल वाचतं ते वेगळंच."

ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, कोकण रेल्वेने मोटारींसाठीही कोलाड ते वेर्णा अशी गाडी सोडली होती. मोटार वाघिणीवर आणि घरची माणसं त्याच गाडीच्या प्रवासी डब्यात! एका मोटारीचं एका वेळचं भाडं ७,८७५ रुपये होतं.

एक गोष्ट मात्र इथेच कानात साठवून ठेवा. २०२२ सालापासून या संपूर्ण मार्गावर विजेच्या तारा आहेत. त्या तारांत २५,००० व्होल्टची वीज असते. तिला हात लावायची गरज नसते. नुसतं जवळ गेलं तरी ती झेप घेऊन माणसाला पकडते. म्हणून उभ्या वाघिणीवर किंवा डब्याच्या टपावर कधीही चढायचं नाही. गंमत म्हणून नाही, चेंडू आणायला नाही आणि फोटो काढायला तर मुळीच नाही.

जीप चढली ट्रेलरवर

आता वळू या आपल्या जीपकडे. गॅरेजसमोरच्या सपाट जागेत ट्रक उभा होता आणि त्याच्यामागे जोडलेला बुटका, लोखंडी ट्रेलर. काकांनी आधी ट्रकचा हँडब्रेक ओढला आणि ट्रकच्या नि ट्रेलरच्या चाकांना पुढूनमागून लाकडी पाचरी लावल्या. मग ट्रेलरच्या मागच्या कडेला दोन लोखंडी उतार लावले. त्यांतलं अंतर जीपच्या दोन चाकांतल्या अंतराएवढं आहे ना, हे टेपने मोजून पाहिलं.

मला वाटलं, आता कुणीतरी जीप चालवत वर नेईल. पण तसं झालं नाही. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला एक विंच होतं, म्हणजे तारेचा दोर गुंडाळणारं यंत्र. त्याने जीप इंचाइंचाने वर ओढून घेतली. एक माणूस जीपच्या स्टीअरिंगवर होता आणि काका बाजूला उभे राहून हाताने खुणा करत होते. काकांबरोबर त्यांचा पुतण्याही आला होता, आठवीतला. तो दोराजवळ जाऊ लागला तसे काका एकदम ओरडले, "ए, बाजूला हो!"

का बरं ओरडले असतील? ताणलेला रबरबँड तुटला की बोटाला कसा चटका बसतो, ते तुम्हांला ठाऊक आहे. ताणलेला तारेचा दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे फिरतो. तो माणसाचा पाय मोडू शकतो, जीवही घेऊ शकतो. म्हणून दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. चढणाऱ्या गाडीच्या मागे तर नाहीच नाही.

जीप वर आली. आता ती नेमकी कुठे थांबवायची? काकांनी तिला चार बोटं पुढे घेतलं, मग पुन्हा दोन बोटं मागे. त्यांनी मला विचारलं, "बाई, बैलगाडी भरताना पाहिलीय?"

मी म्हटलं, "पाहिलीय की!"

"मग ही गाडी उलार व्हायला नको."

मुलांनो, 'उलार' हा आपल्या शेतकऱ्यांचा शब्द. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं भरलं की गाडी मागे कलते, पुढची दांडी वर उचलली जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. अशी गाडी म्हणजे उलार गाडी. उलट सगळं ओझं पुढे भरलं तर बैलांच्या मानेवर भार येतो आणि बिचारे वाकून जातात. म्हणून हुशार गाडीवान ओझं असं रचतो की भार चाकांवर यावा आणि मानेवर अगदी थोडा राहावा.

ट्रेलरचं गणितही हेच आहे. जिथे तो ट्रकला जोडलेला असतो, त्या जोडावर थोडा भार हवा. असा ट्रेलर ओढणारे लोक एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे ठेवतात. मागे ओझं जास्त झालं तर वेगात असताना ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हलू लागतो. एकदा का ही शेपटी जोरात हलायला लागली, की पुढच्या गाडीलाही ती फरफटत नेते. पाहिलंत ना, बैलगाडीचं शहाणपण डिझेलच्या गाडीलाही कामाला आलं!

बांधायचं, पण कशासाठी?

पुतण्याने विचारलं, "काका, एवढी जड जीप! ती कुठे पळणार आहे? बांधायची कशाला?"

प्रश्न छान होता. तुम्हीच उत्तर शोधा. एस.टी.त उभं राहून प्रवास करताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला, तर तुम्ही कुठे जाता? पुढे! गाडी उजवीकडे वळली तर? डावीकडे कलता! गाडी एकदम सुटली तर? मागे! कारण गाडीची गती बदलते, पण तुमचं शरीर आधीच्याच गतीने जाऊ पाहतं. विज्ञानाच्या पुस्तकात यालाच जडत्व म्हटलं आहे. आणि वस्तू जितकी जड, तितकं तिचं जडत्व जास्त. म्हणजे जीप जड आहे म्हणून ती पळणार नाही असं नव्हे. जड आहे म्हणूनच ती पळाली तर थांबवणं कठीण!

आपली जीप धरा १,४०० किलोची. युरोपात मालवाहू गाड्यांवरचं ओझं कसं बांधावं याचे नियम आहेत. ते सांगतात, की पुढच्या दिशेने ओझ्याच्या वजनाच्या ८० टक्के एवढा जोर येईल असं धरून बांधा, आणि दोन्ही बाजूंना नि मागे ५० टक्के जोर येईल असं धरा. करा हिशेब. १,४०० चे ८० टक्के किती? १,१२०. म्हणजे जोरात ब्रेक लावला तर १,१२० किलोचं ओझं लटकावल्यासारखी ओढ त्या बांधणीवर पडणार. ती सुतळीने पेलायची नाही, आणि नुसत्या हँडब्रेकनेही नाही.

आणि खरा प्रश्न जीपचा नाहीच. ट्रेलरच्या मागून कोण येत असतं? कधी शाळेची बस, कधी स्कूटरवर आईबाबांच्या मधे बसलेलं मूल. सुटलेलं ओझं त्यांच्या अंगावर जातं. त्यांनी ना ते भरलेलं असतं, ना बांधलेलं. काका म्हणाले ते मला फार पटलं, "बाई, मी बांधतो ते मागच्यासाठी."

चार कोपरे, चार दिशा

जीप गिअरमध्ये घातली, हँडब्रेक ओढला, चारही चाकांना पुढूनमागून पाचरी ठोकल्या. मग काकांनी पट्टे काढले. हे पट्टे पॉलिएस्टरचे, चार बोटं रुंद. त्यांना एका टोकाला लोखंडी आकडा आणि मधे रॅचेट, म्हणजे दात असलेली चकती. दांडा खालीवर केला की पट्टा कट्-कट् करत ताणला जातो आणि मागे मात्र सरकत नाही. विहिरीच्या रहाटाला खुंटी लावून ठेवावी तसं.

आपल्याकडे कडब्याची गाडी भरतात तेव्हा चऱ्हाटात काठी घालून पीळ देतात ना? पीळ दिला की चऱ्हाट आवळलं जातं. रॅचेट म्हणजे त्या काठीचाच सुधारलेला भाऊ.

प्रत्येक पट्टा त्यांनी हातातून सरकवत तपासला. एका पट्ट्याची कड कातरल्यासारखी झाली होती. तो त्यांनी सरळ बाजूला टाकला. पुतण्या म्हणाला, "अजून बराच चांगला आहे की!" काका म्हणाले, "पट्टा चांगल्या जागी तुटत नाही रे, वाईट जागीच तुटतो." पट्ट्यावर एक कापडी चिठ्ठी शिवलेली असते. तो किती भार सोसेल ते तिच्यावर छापलेलं असतं. चिठ्ठी नसलेला पट्टा म्हणजे नाव नसलेली औषधाची बाटली, वापरायचीच नाही.

पट्टे किती? चार. चार कोपऱ्यांना चार. पुढचे दोन पट्टे जीपला पुढे ओढत होते आणि मागचे दोन मागे. शिवाय प्रत्येक पट्टा थोडा खाली आणि थोडा बाजूलाही ओढत होता. गणपतीच्या मांडवाचा उंच खांब पाहा. त्याला एकाच बाजूने दोर बांधला तर खांब त्या बाजूला कलेल. चारी बाजूंनी ताणले तर तो हलूच शकणार नाही. एक दोर ओढतो त्याला समोरचा दोर अडवतो. जीपचंही तसंच.

आकडे कुठे अडकवायचे, यातही शहाणपण असतं. समोर दिसतो तो बंपर सोपा वाटतो, पण तो दोनचार बोल्टांवर लटकलेला. ओढ पडली तर बंपर हातात आणि जीप रस्त्यात! काकांनी जीपच्या खाली वाकून पट्टे तिच्या आसाला घातले, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या जाड दांड्याला. शेजारीच ब्रेकच्या तेलाची बारीक नळी होती. पट्टा तिच्यावर दाबला जात नाही ना, हे त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. ती नळी चेमटली असती तर वाडीच्या उतारावर ब्रेक लागलाच नसता.

आस निवडण्याचं आणखी एक कारण आहे. जीपचं अंग पाट्यांवर बसलेलं असतं. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. अंगाला पट्टे बांधले, तर प्रत्येक खड्ड्यात पाटे दबणार, पट्टे सैल पडणार, पाटे उसळणार, पट्ट्यांना हिसका बसणार. शंभर खड्डे म्हणजे शंभर हिसके! आसाला बांधलं की चाकं घट्ट राहतात आणि अंग आपलं वर खुशाल डुलत राहतं.

शेवटी पट्ट्यांना अर्धा पीळ दिला. का? सपाट ताणलेला पट्टा वाऱ्याने पतंगाच्या भिरभिऱ्यासारखा फडफडतो आणि झिजतो. अर्धा पीळ असला की गप्प बसतो. जीपचं कापडी छत उतरवून घडी केलं, नाहीतर त्यात वारा भरून शीड झालं असतं. जॅक, पाने, पाण्याचा डबा, सगळं काढून ट्रकमध्ये ठेवलं. ट्रेलरचे मागचे लाल दिवे लागतात ना, ते पाहिलं. मग काकांनी जीपला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. जीप हलली, पण एकटी नाही, ट्रेलरसकट हलली. काका म्हणाले, "आता दोघं एक झाले. चला!"

वाटेवर

पंधरा-वीस किलोमीटर गेलो असू. इंदापूर आलं. पुण्याकडचं नव्हे बरं का, आमचं रायगडातलं. काकांनी ट्रक कडेला घेतला. मला वाटलं चहासाठी. पण ते आधी ट्रेलरकडे गेले. आणि काय आश्चर्य! कोलाडला तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ असलेला पुढचा डावा पट्टा बोटाने दाबला तर आत जात होता.

कुणी सोडला? कुणीच नाही. पहिल्या काही किलोमीटरांत धक्क्यांनी टायर जागेवर बसतात, पाचरी सरकून घट्ट होतात, पट्ट्याच्या गाठी आवळल्या जातात. थोडी जागा सुटते आणि पट्टा सैल होतो. म्हणून पहिली तपासणी लवकर करायची आणि नंतर प्रत्येक थांब्यावर. काकांनी रॅचेटचे तीन दात वाजवले, पट्टा पुन्हा ताठ. चहा त्यानंतर.

त्या तीन दातांची किंमत आम्हांला लोणेऱ्याच्या पुढे कळली. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथून थोडं पुढे गेलो आणि एक गाय वासरासकट रस्त्यात आली. काकांनी ब्रेक दाबला. मी पुढे झुकले, माझ्या मांडीवरची पिशवी खाली गेली, पुतण्याच्या हातातले शेंगदाणे काचेवर उडाले. ट्रक थांबला. गाय शांतपणे शेपटी हलवत निघून गेली. आम्ही मागे वळून पाहिलं. जीप होती तिथेच होती. आणि ट्रेलरच्या मागे, पाचसहा हातांवर, एक मोटरसायकल थांबली होती. तिच्यावर एक बाई होत्या, त्यांच्या कडेवर पिवळं झबलं घातलेलं बाळ. बाळ जीपकडे बोट दाखवून हसत होतं.

केबिनमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.

महाड आलं. इथल्या चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह केला, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. रायगड किल्ल्याकडे जाणारी वाटही इथूनच फुटते. आणि इथेच सावित्री नदी आहे. जुलै २०२१ मध्ये महाडला मोठा पूर आला होता आणि याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली होती. अनेक माणसं दगावली. खाली रस्ते पाण्यात, वर दरडी. तिथवर पोचणंच कठीण झालं होतं. मी मागे जीपकडे पाहिलं. आपल्या वाडीवर अशी वेळ कधी येऊ नये, पण आली तर वर चढणारी चार चाकं दारात असावीत, असं मनात आलं.

पोलादपूरनंतर कशेडीचा घाट. पूर्वी वळणांनी पोटात ढवळायचं. आता डोंगराच्या पोटातून बोगदा झाला आहे, सुमारे दोन किलोमीटरांचा. पण खेडहून दापोलीकडे वळलो आणि वळणं पुन्हा सुरू झाली. इथे काकांनी वेग एकदम कमी केला. वेगाचं गणित मोठं कडक असतं. वेग दुप्पट केला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होतं. वळणावर ओझं बाहेर फेकण्याचा जोरही तसाच चौपट वाढतो. म्हणजे सावकाश जाणं हासुद्धा एक पट्टाच आहे. पाचवा, न दिसणारा!

दापोली हिरवीगार आणि मोकळी. इथे १९७२ सालापासून कोकणचं कृषी विद्यापीठ आहे. याच तालुक्यातल्या पालगडला २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजींचा जन्म झाला. इथे आम्ही भाकरी खाल्ली आणि पट्टे पुन्हा तपासले. आता मीही बोट लावून पाहिलं. चारही ताठ होते.

नावेवर गाडी

दाभोळ हे फार जुनं बंदर. इथे वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या या तीरावर दाभोळ, त्या तीरावर धोपावे. मधे पाणी. पूर्वी गाडीने पलीकडे जायचं तर खाडीला लांब वळसा घालून चिपळूणवरून यावं लागे. २००३ साली इथे फेरीबोट सुरू झाली. तिला कोकणात कुणी जंगलजेटीही म्हणतं. सपाट तळाची मोठी बोट, पुढे लोखंडी दरवाजा. धक्क्याला लागली की दरवाजा खाली पडतो आणि त्याचाच पूल होतो. मोटारी, ट्रक, मोटरसायकली सगळ्या पोटात शिरतात.

आमचा ट्रेलर बुटका. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि ट्रेलरचं पोट घासण्याची भीती असते. म्हणून भरतीचं पाणी चढेपर्यंत आम्ही थांबलो. मग काकांनी आम्हांला खाली उतरवलं आणि ट्रक एकट्याने बोटीवर नेला. इंजिन बंद, हँडब्रेक वर, चाकांना पाचरी. पाण्यावर ब्रेकचा धक्का नसतो, पण डोलणं असतं, एकदा या कुशीवर, एकदा त्या. त्यासाठीच तर पट्टे बाजूलाही ओढत होते.

बोट सुटली. वर आभाळ, खाली खाडी. खाडीवर बोट, बोटीवर ट्रक, ट्रकमागे ट्रेलर आणि ट्रेलरवर जीप! पुतण्या बोटं मोजत राहिला, की नक्की कोण कुणाला नेतंय.

धोपाव्याला माझा भाऊ आणि वाडीची पोरं वाट पाहत होती. जीप उतरवताना सगळं उलट क्रमाने झालं. आधी उतार लावले, मग विंचचा दोर जीपला अडकवून ताणला, आणि मगच पट्टे सोडले. पट्टे आधी सोडले आणि जीप घसरली तर? म्हणून शेवटचा आधार मिळाल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. जीप उतरली, खाकरली, सुरू झाली आणि धुरळा उडवत वाडीच्या चढाला लागली. पहिल्या फेरीत कुणाला बसवलं असेल? डोलीत बसून खाली आलेल्या माझ्या काकूला! ती वर पोचल्यावर घड्याळाकडे बघून म्हणाली, "एवढ्यात?" खालून वर यायला बारा मिनिटं लागली होती.

करून पाहा

दोस्तांनो, आता तुमची पाळी. एक ताट घ्या आणि त्यात खेळण्यातली छोटी मोटार ठेवा. ताट टेबलावर सरळ ओढत न्या आणि एकदम थांबवा. मोटार कुठे जाते? आता मोटारीच्या चाकांमागे आणि पुढे मातीचे छोटे गोळे ठेवून पाहा. मग पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यावर मोटार ठेवून तिला एकाच बाजूने दोऱ्याने बांधा आणि पुठ्ठा ओढून थांबवा. शेवटी चार कोपऱ्यांना चार दोरे बांधून तेच करा. प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहा.

आणि आणखी एक. पुढच्या वेळी आईबाबांबरोबर हमरस्त्यावरून जाल, तेव्हा पुढच्या ट्रकवरचं ओझं नीट पाहा. ते कशाने बांधलं आहे? किती जागी? दोर सैल लोंबतो आहे का? लोंबत असेल तर आईबाबांना लगेच सांगा, आणि त्या गाडीपासून भरपूर मागे राहायला लावा. चालत्या ट्रेलरवर किंवा त्याच्यावरच्या गाडीत बसायला कुणी बोलावलं, तर आपलं उत्तर एकच, "नाही!"